आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर

पोरी, पोखर्णीत सेवा केंद्र टाकताना मॉनिटरच्या जागी ३२ इंची टीव्ही लावायचं तू ठरवलंस, ते मला पटलं. सातबारा काढायला आलेल्या माणसाला आपलं नाव, गट नंबर, क्षेत्र आपल्या डोळ्यांनी वाचता आलं पाहिजे. तू वाचायचं आणि त्यानं मान हलवायची, ही पद्धत बरी नाही. पण टीव्ही काही मॉनिटर म्हणून बनवलेला नसतो. त्याला त्या कामाला जुंपायचं तर त्याच्या काही जुन्या सवयी आधी मोडाव्या लागतात. माझी हयात परभणीत आणि आजूबाजूच्या गावांत टीव्ही उघडण्यात गेली. त्यातलं तुझ्या उपयोगाचं जे आहे ते सांगतो, ऐकून ठेव.

वायर जोडलीस की सेटिंगला हात लावायच्या आधी पडद्याच्या चारी कडा बघ. खाली स्टार्टचं बटण अर्धंच दिसतंय, वर खिडकी बंद करायची फुली गायब आहे, उजवीकडची सरकपट्टी सापडत नाही, असं चारी बाजूंनी सारखं कापलेलं असेल तर तो ओव्हरस्कॅन. तू ज्यासाठी मला फोन करणार आहेस तो बहुतेक हाच. फक्त खालची पट्टी नसेल आणि माउस खाली नेला की ती वर येत असेल, तर टीव्हीचा काही दोष नाही. टास्कबार लपवून ठेवायचं सेटिंग चालू आहे. चारी बाजूंना काळी चौकट आणि मधे आखडलेलं चित्र असेल तर उलटा प्रकार, त्याचं पुढे सांगतो. नुसत्या डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे असतील तर कॉम्प्युटर जुन्या चौकोनी मापाचं, म्हणजे १०२४×७६८ वगैरे चित्र पाठवतोय. आणि माणसांचे चेहरे पसरट दिसत असतील तर तेच चौकोनी चित्र टीव्हीनं ओढून रुंद केलंय.

डोळ्यावर भरवसा ठेवू नकोस, मापून बघ. आमच्याकडे दुकानात पॅटर्न जनरेटर असायचा. त्याच्या चौकटी आणि गोल पडद्यावर आणून आम्ही सेट लावायचो. तुझ्याकडे पेंट आहे. पडद्याच्या मापाचं कोरं पान घे, अगदी काठाला धरून चारी बाजूंनी लाल रेघ मार, शिफ्ट दाबून मधोमध एक गोल काढ, आणि ते चित्र पूर्ण पडद्यावर उघड. चारी रेघा दिसल्या तर कडा बरोबर. मग टेप घेऊन गोलाची उंची-रुंदी मोज, सारखी भरली तर आकारही बरोबर. हे चित्र डेस्कटॉपवर कायम ठेव. पुढे कधी शंका आली की अर्ध्या मिनिटात उत्तर मिळतं.

आता हे कापाकापीचं मूळ सांगतो, कारण मूळ कळलं की कोणत्याही कंपनीचा टीव्ही समोर आला तरी तू अडणार नाहीस.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्र काचेच्या मापाचं नसायचं. मागून येणारा इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ काढत काचेवर फिरायचा, आणि तो किती दूर फिरेल हे बरंचसं आतल्या व्होल्टेजवर ठरायचं. आपल्या भागातली वीज तुला माहीत आहे. विहिरीवरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज खाली बसायचं आणि चित्र चारी बाजूंनी आखडायचं. काठाला काळा पट्टा यायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, टीव्ही बिघडला. म्हणून कारखान्यातच चित्र काचेपेक्षा थोडं मोठं लावून पाठवायचे, म्हणजे आखडलं तरी काच भरलेली राहायची. माझे उस्ताद शिकवायचे, गावचा सेट दुपारी दुरुस्त केलास तरी हाइट संध्याकाळचं व्होल्टेज धरून लाव. मागच्या बाजूला हाइटचा आणि लिनिअरिटीचा प्रीसेट असायचा, बारीक पेचकसानं फिरवायचो, आणि चित्र मुद्दाम फ्रेमच्या थोडं बाहेर जाऊ द्यायचो.

दूरदर्शनचं चित्र ६२५ ओळींचं, त्यातल्या ५७६ ओळी प्रत्यक्ष चित्राच्या. त्यातल्याही वरच्या-खालच्या काही फ्रेमखाली दबायच्या. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण कार्यक्रम करणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. ते नावं, बातम्यांच्या पट्ट्या, माणसाचं डोकं काठापासून आत ठेवायचे. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं तेव्हा एकेका सेटसमोर निम्मी गल्ली बसायची, आणि एकानंही कधी कडेचं चित्र दिसत नाही अशी तक्रार केली नाही.

मग सपाट टीव्ही आले. त्यांच्यात झोत नाही, तो फिरवणारी कॉइल नाही, व्होल्टेज पडलं म्हणून चित्र आखडण्याचा प्रश्न नाही. मागचं लेबल वाच, बहुतेकांवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. पॅनलवर ठराविक टिंबं असतात आणि ती जागची हलत नाहीत. तरी कंपन्यांनी जुनी सवय ठेवली. जुन्या प्रसारणात चित्राच्या काठाला खरखर असायची, वरच्या ओळींत भलतेच सिग्नल असायचे. ते झाकायला टीव्ही येणारं चित्र थोडं फुगवतो आणि कडा कापून टाकतो. सिरियल बघताना कळतही नाही. पण कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी नेमक्या कडांनाच कामाच्या वस्तू मांडल्या. घड्याळ, स्टार्ट, फुली, सरकपट्टी सगळं काठाला. १०८० ओळींच्या चित्रातून वर-खाली तीन-तीन टक्के कापले तर एका बाजूच्या ३२ ओळी जातात. विंडोज १० ची खालची पट्टी साध्या मापाला ४० ओळींची असते. म्हणजे उरलं काय, ते तूच धर.

तेव्हा कानमंत्र हा, की कापणारा टीव्ही आहे, त्यामुळे कापणं टीव्हीतच बंद करायचं. आधी टीव्हीचा मेनू, मग कॉम्प्युटर. बहुतेक पोरं उलटं करतात. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये शिरतात, चित्र बारीक करतात, टीव्ही ते फुगवतो, आणि दोन्हींचं जमून कडा दिसू लागतात. काम झालं असं वाटतं. पण चित्र एकदा दाबलं गेलं आणि एकदा ताणलं गेलं. आता कॉम्प्युटरचं एक टिंब पडद्याच्या एका टिंबावर बसत नाही, दोघा-तिघांत पसरतं. अक्षराला मळ चढतो.

इंग्रजी अक्षराला हा मळ थोडाफार खपतो. आपल्या अक्षराला खपत नाही, आणि तुझं सगळं काम आपल्या अक्षरात आहे. आपल्याकडे वर शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, जोडाक्षराचा पाय. साध्या मापाच्या अक्षराला जेमतेम डझनभर ओळींची उंची मिळते आणि त्यात हा सगळा संसार बसवायचा असतो. अनुस्वार म्हणजे एखाद-दुसरं टिंब. ते पसरलं की शिंदेचं शिदे होतं, मुंडेचं मुडे होतं, पहिला उकार की दुसरा ते कळत नाही. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पीक विम्याचा अर्ज असो की अनुदानाची यादी, एका टिंबावरून माणूस तहसीलला चकरा मारतो. पडदा नीट लावणं म्हणजे त्याच्या चकरा वाचवणं असं मला वाटतं, म्हणून एवढं लावून धरतो.

टीव्हीत शोधायचं काय? रिमोटवर मेनू, त्यात पिक्चर, त्यात चित्राच्या आकाराचं जे काही असेल ते. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर साइज’मध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा नव्या सेटला ‘फिट टू स्क्रीन’. एलजीत ‘ॲस्पेक्ट रेशो’मध्ये ‘जस्ट स्कॅन’. सोनीत ‘डिस्प्ले एरिया’त ‘फुल पिक्सेल’. पॅनासॉनिकमध्ये सरळ ‘ओव्हरस्कॅन’ असं लिहिलेलं, ते बंद करायचं. फिलिप्सच्या काही सेटांत ‘अनस्केल्ड’, शार्पमध्ये ‘डॉट बाय डॉट’. शब्द वेगवेगळे, अर्थ एकच: एकास एक टिंब. ‘झूम’, ‘वाइड झूम’, ‘सुपर झूम’ यांच्या वाटेला जाऊ नकोस, त्या सगळ्या कापणाऱ्या आहेत. आणि १६:९ एवढंच निवडून थांबू नकोस. त्यानं आकार बरोबर होतो, कापणं थांबेलच असं नाही.

इथे तीन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, हे सेटिंग बऱ्याच टीव्हीत त्या-त्या पोर्टापुरतं असतं. एचडीएमआय १ वर लावलंस आणि साफसफाईत कुणी वायर काढून एचडीएमआय २ ला खुपसली की पुन्हा कडा गायब. दुसरं, कॉम्प्युटर हलक्या मापाचं चित्र पाठवत असेल तर काही टीव्हींत हा पर्याय फिका दिसतो, निवडताच येत नाही; आधी कॉम्प्युटरचं रिझोल्यूशन वाढव, मग तो उजळतो. तिसरं, दुकानात मांडलेला पीस घेतला असेल तर तो ‘शॉप’ किंवा ‘रिटेल’ मोडमध्ये राहिलेला असतो. तू सेटिंग लावतेस, थोड्या वेळानं तो स्वतःहून मूळपदावर जातो. बिघाड नाही तो. मेनूत जाऊन ‘होम’ मोड कर.

मग त्या पोर्टाला टीव्हीत ‘पीसी’ असं नाव दे. नुसतं नाव बदलून काय होणार, असं तुला वाटेल. पण सॅमसंग आणि एलजीच्या पुष्कळ सेटांत ‘पीसी’ म्हटलं की टीव्ही समजतो की हे सिनेमाचं चित्र नाही. मधली प्रक्रिया कमी करतो, रंगाची माहिती पूर्ण घेतो, आणि लाल-निळ्या अक्षरांच्या कडा फुटायच्या थांबतात. माउस मागे-मागे रांगत असेल तर तोही बराचसा सुधारतो. ‘शार्पनेस’ खाली आण. सिनेमात तो चेहरा उठावदार करतो, अक्षराभोवती मात्र पांढरी किनार काढतो. ‘व्हिव्हिड’ मोड शोरूमच्या उजेडासाठी असतो. बंद खोलीत दिवसभर समोर बसून तुझे डोळे भाजून निघतील.

परभणीच्या बाजारात जुळवलेले, कुठल्याच मोठ्या नावाचे नसलेले सेट मिळतात. आत युनिव्हर्सल बोर्ड आणि कुठूनतरी आलेलं पॅनल. त्यांच्या साध्या मेनूत कधी ओव्हरस्कॅनचा पर्याय नसतो. तो सर्व्हिस मेनूत असतो. तिथे जाणाऱ्या मेकॅनिकला एकच सांग, काही बदलायच्या आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढ. त्या मेनूत पॅनलचा प्रकारही असतो, आणि तो चुकून हलला तर चित्र उलटं होतं, नाहीतर पडदा काळा पडतो, आणि मग परत यायला वाट दिसत नाही. तू स्वतः तिथे हात घालू नकोस.

टीव्ही लागला, आता कॉम्प्युटरकडे ये. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाब. लॅपटॉप जोडला असेल तर ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांना एकच माप मिळतं, आणि ते बऱ्याचदा लॅपटॉपला जमणारं असतं, टीव्हीला जमणारं नाही. फक्त दुसरा पडदा असा पर्याय घे, मग डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय ते रिझोल्यूशन लाव. टीव्ही वायरीतून आपलं माप कॉम्प्युटरला कळवत असतो, आणि सहसा खरं कळवतो.

सहसा म्हणालो, कारण ३२ इंची एचडी रेडी सेट इथे घोळ घालतो. त्याच्या पॅनलवर आडवी १३६६ आणि उभी ७६८ टिंबं. पण एचडीएमआयवर तो टीव्हीच्या प्रसारणाची मापं सांगतो, १२८०×७२० किंवा १९२०×१०८०. यातलं कुठलंच त्याच्या अंगाचं नाही. १९२० चं चित्र घेतलंस तर जास्त मजकूर मावतो, पण टीव्हीला ते दाबावं लागतं आणि बारीक शिरोरेषा मधेच तुटते. यादीत १३६०×७६८ असेल तर ते घे. सहा टिंबांचा फरक दिसतही नाही. जुन्या सेटाला मागे १५ पिनांचा निळा पीसी पोर्ट असतो. कॉम्प्युटरलाही तसा असेल तर एचडीएमआय सोडून ती वायर लावून बघ. ती जुन्या पद्धतीची असली तरी अशा पॅनलला तिच्यावर बहुतेक वेळा खरं माप मिळतं. जोडल्यावर टीव्हीच्या मेनूतलं ‘ऑटो ॲडजस्ट’ एकदा दाब, म्हणजे बाजूला सरकलेलं चित्र मधोमध येतं.

अजून टीव्ही घेतला नसशील तर ऐक. ३२ इंचातच १९२०×१०८० चं फुल एचडी पॅनल मिळालं तर तेच घे. इंच सारखे असले तरी एका इंचात एचडी रेडीला सुमारे ४९ टिंबं येतात आणि फुल एचडीला ६९. पहिल्याचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं. सहा फुटांच्या आत बसलीस की डोळ्याला ते सुटं-सुटं दिसायला लागतं. दुसऱ्याला चार फूट पुरतात. तुझ्या टेबलाची रुंदी बघ आणि ठरव. फोर-केचा ४३ इंची घेतलास तर इंचाला शंभरावर टिंबं येतात, अक्षर छापल्यासारखं दिसतं. पण जुन्या कॉम्प्युटरचं एचडीएमआय १.४ असेल तर त्या मापाला सेकंदाला ३० चित्रंच जातात आणि माउस अडखळतो. ६० साठी दोन्हीकडे एचडीएमआय २.० लागतं.

अक्षर लहान वाटलं की लोक रिझोल्यूशन कमी करतात. तसं करू नकोस, एकास एक मोडतं. रिझोल्यूशन जागच्या जागी ठेव आणि ‘स्केल’ वाढव, १०० चं १२५ कर. त्यात अक्षर मोठं होतं आणि रेखीवही राहतं. पण ७६८ ओळींच्या पडद्यावर १५० केलंस तर अर्जाच्या खिडक्या पडद्याबाहेर जातील आणि खालचं ‘सबमिट’ सापडणार नाही. तिथे १०० च ठेव, आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला वाचायचं असेल तेव्हा कंट्रोल धरून अधिकचं बटण दाब. नुसतं पान मोठं होतं. त्याचं वाचून झालं की कंट्रोल आणि शून्य.

एवढं करूनही कडा कापलेल्याच राहिल्या, टीव्हीत पर्याय नाही, मेकॅनिक लवकर येणार नाही, तेव्हाच ग्राफिक्सच्या सेटिंगला हात लाव. इंटेलमध्ये ‘स्केल’, एनव्हिडियात डेस्कटॉपचं माप आणि जागा बदलायचं पान, एएमडीत ‘एचडीएमआय स्केलिंग’ची सरकपट्टी. मघाशी काळ्या चौकटीचं म्हणालो होतो, तिचं कारण बहुधा ही एएमडीची सरकपट्टीच असते. टीव्ही कापणार असं धरून कॉम्प्युटर आधीच चित्र बारीक करून पाठवतो. टीव्ही नीट लावलेला असला की चारी बाजूंनी काळं उरतं. ती पट्टी शून्यावर आण.

जिल्हा परिषदेच्या शाळांतही कडा कापल्या जाण्याचं हेच दुखणं आहे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर गावोगावी लोकवर्गणीतून वर्गात टीव्ही आले, फार चांगलं झालं. कविता-गाण्यांचे व्हिडिओ त्यावर छान दिसतात. पण सरांनी लॅपटॉप जोडून गणिताचं पान उघडलं की खालची ओळ फ्रेमखाली जाते, आणि पोरं शेवटचं गणित वहीत उतरवतच नाहीत. शाळेत कधी गेलीस तर पाच मिनिटं काढून तेवढं लावून दे.

वायर जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेव, प्लगसकट. टीव्हीला डिशच्या छत्रीची वायर असेल तर ती आधी काढ. अर्थिंग नसलेल्या घरात त्या वायरीतून आणि कॉम्प्युटरच्या अंगातून बारीक करंट फिरतो, आणि पोर्ट जळण्याची कितीतरी प्रकरणं तेवढ्यावर होतात. वैशाख-ज्येष्ठात वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की केंद्र चालू असो नसो, ती वायर बाहेरच असू दे.

वीज जाऊन आली की आधी टीव्ही चालू कर, त्यावर पोर्ट निवड, मग कॉम्प्युटर. कॉम्प्युटर उठताना टीव्हीला माप विचारतो. टीव्ही झोपलेला असेल तर तो आपल्या मनानं भलतंच माप धरतो आणि सकाळी लावलेलं दुपारी बिघडलेलं दिसतं. कुठला पोर्ट, टीव्हीत काय निवडलं, रिझोल्यूशन किती, स्केल किती, एवढं कागदावर लिहून टीव्हीच्या पाठीला चिकटव. तू नसताना केंद्रात बसणाऱ्याला ते लागेल.

आणि टीव्हीचं तोंड रस्त्याकडे करू नकोस. एवढ्या मोठ्या पडद्यावरचा आधार नंबर आणि खातं रांगेतल्या चौथ्या माणसालाही वाचता येतं. नृसिंह जयंतीला गावात बाहेरची माणसं येतात, तेव्हा तर दारात कोण उभं आहे हे तुला कळणारही नाही. टेबल भिंतीशी काटकोनात लाव, तुझी खुर्ची आणि त्या एका गिऱ्हाइकाची खुर्ची पडद्यासमोर, बाकीच्यांचं बाकडं पडद्याच्या पाठीमागे.